नंबर मायनस साडेतीन

आमच्याकडे मुलींवर दोन संस्कार आपोआप होतात. परक्या पुरुषाकडे टक लावून बघायचं नाही आणि कोणी काही केलं की लगेच थँक्यू म्हणायचं. या दोन्हींच्या जोरावर ब्युनॉस आयर्समधली पहिली रात्र मी बरीचशी खुर्चीतच काढली.

पुण्यात दोन वर्षं टँगो शिकले होते. तिथे सर म्हणाले, ‘पार्टनर बदला’, की बदलायचा. इथे आल्माग्रो भागातल्या मिलोंगात, म्हणजे टँगोच्या जाहीर नाचात, तोंडाने कोणी विचारतच नाही. बायका एका भिंतीला, पुरुष समोरच्या. बाईने नजर लावायची, ही ‘मिरादा’. त्याने मान किंचित हलवायची, तो ‘काबेसेओ’. तिनेही हलवली की जमलं. नको असेल तर नजर वळवायची. कोणाला अख्ख्या हॉलसमोर नकार घेऊन परत जावं लागत नाही. थोडक्यात कांदेपोहेच, फक्त पोहे नाहीत आणि मान खाली घालून बसणारीला कोणी पसंत करत नाही. युनेस्कोने २००९ साली टँगोला अमूर्त वारशाचा मान दिलाय, पण मान हलवायचं काम ज्याचं त्यालाच करावं लागतं.

मी मान खाली घालून बसले होते. शिवाय चष्मा पर्समध्ये. गालाला गाल लावून नाचताना फ्रेम रुतते, म्हणून काढलेला. नंबर मायनस साडेतीन! समोर नुसते पांढऱ्या शर्टांचे ढग.

शेजारच्या सत्तरीतल्या आजीबाईंनी पंख्याने मला टोचलं आणि स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं. चष्मा घातला. समोरच्या मिशीवाल्या काकांनी मान हलवली. मीही हलवली, आपली आडवी, जी पीएमटीच्या कंडक्टरला बरोब्बर कळायची. काका गोंधळले. मी आणखी जोरात डोलावली. त्यांनी नजर वळवली.

पुढच्या वेळी शहाणी होऊन उभी-आडवी चूक सुधारली आणि तडक उठून निघाले. नियम असा, की तो टेबलाशी येईपर्यंत बसून राहायचं. का, ते फ्लोअरच्या मधोमध कळलं. त्याची मान माझ्या मागच्या बाईसाठी हलली होती आणि तीही उठली होती. मी तशीच सरळ चालत बाथरूममध्ये गेले. हात धुतले. दोनदा.

शेवटी काकांनाच दया आली. कार्लोस दि सारलीचा ऑर्केस्ट्रा लागला होता. सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरत होते. प्रदक्षिणेची सवय असलेले पाय आधी बिचकले, मग मस्त जमलं. गाणं संपल्यावर मी मनापासून म्हटलं, ‘ग्रासियास!’

काकांचा चेहरा पडला. एका जोडीदाराबरोबर ४ गाण्यांचा ‘तांदा’ पुरा करायचा असतो. मध्येच धन्यवाद म्हणजे ‘पुरे, आता सोडा’. त्यांनी अदबीने मला खुर्चीपर्यंत पोचवलं. आमची तीन गाणी आमच्याशिवाय वाजली. आजीबाईंचा पंखा थांबला होता.

रात्री अडीचला काकांनी पुन्हा मान हलवली. मी आधी मागे वळून बघितलं. मग बसल्या बसल्या, वर-खाली, एकदाच. चारही गाणी नाचलो. मधल्या वेळात ते काहीबाही विचारत होते, मी ओठ घट्ट मिटून हसत होते. त्यांनी खुर्चीशी आणून सोडलं आणि वाट बघत उभे राहिले. मी गप्पच.

आजीबाईंनी पंख्याने पुन्हा टोचलं. आता म्हणायचं होतं.