‘२००० एक्स’ने व्हायरस दिसत नाही

गेल्या महिन्यात आठवीच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ होता: निळसर पाण्यात काळे ठिपके थरथरताहेत आणि मागे भारदस्त संगीत. मजकूर असा : ‘शाळेतले ४०० एक्सचे जुने मायक्रोस्कोप आता भंगारात काढा. २००० एक्सचा डिजिटल मायक्रोस्कोप घ्या. पेशीतले सगळे भाग पुस्तकातल्यासारखे रंगीत दिसतात. मायटोकॉन्ड्रिया दिसतात, डीएनए दिसतो, दह्यातले जंतू दिसतात आणि व्हिडिओत पाहा, जिवंत व्हायरससुद्धा! जितके एक्स जास्त, तितके बारीक दिसते.’

तीन पालकांनी तो मला वेगळा पाठवला. खाली प्रश्न एकच, ‘बाई, आपल्या शाळेने घ्यायचा का?’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचा डोलारा त्याच्यावरच उभा आहे.

‘जितके एक्स जास्त, तितके बारीक दिसते.’

आधार कार्डावरचा फोटो झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री कागदावर मोठा करून घ्या. चेहरा परातीएवढा होईल, पण मूळ फोटोत न दिसणारा तीळ काही त्यात उगवणार नाही. एक्स म्हणजे फक्त किती पट मोठे केले ते. शेजारशेजारचे दोन ठिपके वेगळे दिसतात की एकमेकांत मिसळून एकच डाग होतो, हा निराळा प्रश्न. त्याला विभेदनक्षमता म्हणतात, आणि ती खोक्यावर छापलेली नसते.

ती ठरते प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्यावर. जर्मनीतल्या जेना गावच्या अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये हे मांडले. त्यांच्या स्मारकाच्या दगडावर तिथे ते सूत्र कोरलेलेच आहे. आपल्या शाळेतल्या मायक्रोस्कोपवरही त्याची खूण सापडते. ४० एक्सच्या वस्तुभिंगाच्या, म्हणजे वस्तूजवळच्या भिंगाच्या (डोळ्याजवळच्या १० एक्सच्या भिंगासोबत त्याचे ४०० एक्स होतात), कडेवर ‘०.६५’ असा बारीक आकडा असतो, मुले तो कधीच वाचत नाहीत. तरंगलांबीला त्या आकड्याच्या दुपटीने भागा. हिरवा प्रकाश ०.५५ मायक्रोमीटरचा धरला, तर उत्तर येते साधारण ०.४२ मायक्रोमीटर. एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रोमीटर, हे लक्षात असू द्या. तेल घालून वापरायच्या १०० एक्सच्या भिंगाचा तो आकडा १.२५ असतो, म्हणजे मर्यादा ०.२२ वर येते. साध्या प्रकाशाने कितीही महागडे भिंग घेतले तरी ०.२ मायक्रोमीटरच्या आसपास गाडी थांबते.

यावरून एक ठोकताळा निघतो. भिंगावरच्या त्या आकड्याच्या ५०० ते १००० पट इतकेच वर्धन कामाचे. ०.६५ ला ते ३२५ ते ६५० येते. भंगारात काढायला सांगितलेला आपला ४०० एक्स त्यात नेमका बसतो. त्याच भिंगावर २००० एक्स करणे म्हणजे ए-थ्रीवरचा आधार कार्डाचा फोटो.

आणि ते २००० येतात तरी कुठून? एका पालकांनी हौसेने घेतलेला असला मायक्रोस्कोप मला वापरायला दिला. पेशीऐवजी मी त्याच्याखाली प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी ठेवली. चक्री पूर्ण फिरवून लॅपटॉपच्या पडद्यावर पट्टीचा दीड मिलिमीटर मावत होता. पडदा ३४ सेंटिमीटर रुंद, म्हणजे सुमारे २२५ पट. मग तेच चित्र प्रोजेक्टरने भिंतीवर २.३ मीटर रुंद पाडले आणि घरबसल्या दीड हजार एक्स झाले! गणपतीच्या मंडपातला मोठा पडदा मिळाला असता तर दोन हजारही ओलांडले असते. तपशील मात्र लॅपटॉपवर होता तेवढाच. ही पट्टीची चाचणी दोन मिनिटांची आहे, विकत घेण्याआधी दुकानातच करा.

उलट बाजूचे उदाहरण साडेतीनशे वर्षांपूर्वीचे. डेल्फ्टचे अँटनी फान लेव्हेनहूक हे कापडाचे व्यापारी. त्यांचे मायक्रोस्कोप म्हणजे पितळेच्या पत्र्यात बसवलेले मोहरीएवढे एकच भिंग. आज उरलेल्यांपैकी सर्वांत ताकदीचे साधारण २७० पट मोठे करते. असल्याच भिंगांतून १६८३ मध्ये त्यांनी दातांवरच्या किटणातले जिवाणू वळवळताना पाहिले.

‘पेशीतले सगळे भाग पुस्तकातल्यासारखे दिसतात.’

दरवर्षी प्रयोगवह्या तपासताना कांद्याच्या पेशीत हिरवीगार हरितलवके काढणारी दोन-चार मुले भेटतातच. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यात हरितलवके नसतात. मुलाने मायक्रोस्कोपमधून न बघता पुस्तकातून बघून काढले, एवढाच त्याचा अर्थ. दोष त्याचा नाही. पुस्तकातली आकृती म्हणजे शेकडो लोकांनी निरनिराळ्या उपकरणांनी पाहिलेल्या गोष्टींची एका कागदावर केलेली गोळाबेरीज असते, हे आपण त्याला सांगितलेलेच नसते.

कांद्यात खरे काय दिसते? विटांसारख्या रचलेल्या पेशीभित्तिका. आयोडीनचा थेंब टाकला की कडेला सरकलेले पिवळट तपकिरी केंद्रक. बाकी सगळी रिकामी जागा, आणि ती रिक्तिका, म्हणजे पेशीतली रसाची पिशवी. रॉबर्ट हूक यांना १६६५ मध्ये बुचाच्या कापात तर याहून कमी दिसले होते. मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती, आत कोणीच नाही.

प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीचा पातळ पडदा, ०.०१ मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. तो साध्या मायक्रोस्कोपमधून दिसत नाही. तो आहे हे मात्र दाखवता येते, आणि माझ्या मते हा प्रयोग कुठल्याही गॅजेटपेक्षा सरस आहे. लाल कांद्याचा बाहेरचा जांभळा पापुद्रा घ्या. पाण्यात ठेवून बघा, पेशी काठोकाठ जांभळी दिसेल. मग आच्छादन काचेच्या एका कडेला मिठाचे दाट पाणी सोडा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत आक्रसतो. भिंत जागच्या जागी आणि आत जांभळी पिशवी. त्या पिशवीची कड म्हणजे पटलाची जागा. अकरावी-बारावीत हेच रिओ या शोभेच्या झाडाच्या पानावर करतात. आठवीच्या मुलांना स्वयंपाकघरातल्या मिठावर जमते.

रंगांचे थोडक्यात. कांदा तपकिरी दिसतो तो आयोडीनमुळे, गालाच्या आतल्या पेशी निळ्या दिसतात त्या मेथिलिन ब्लूमुळे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची चित्रे मुळात काळी-पांढरी असतात, रंग मागाहून भरलेले. अस्सल रंग बघायचा तर तळ्यातल्या हायड्रिलाचे एक पान पाण्याच्या थेंबात ठेवा. त्यातली हरितलवके खरोखरीच हिरवी असतात, आणि नशीब चांगले असेल तर पेशीच्या कडेकडेने रांगेत फिरतानाही दिसतात.

‘मायटोकॉन्ड्रिया दिसतात.’

इथे मेसेज लिहिणाऱ्याला थोडी सूट द्यावी लागेल. तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, अर्धा ते एक मायक्रोमीटर जाड असते. ०.४२ ची मर्यादा तिला अडवत नाही. अडवतो तो पारदर्शकपणा, पाण्याच्या पेल्यात काच पडल्यासारखा. १८९० मध्ये रिचर्ड आल्टमान यांनी रंग देऊनच या कणिका दाखवल्या आणि १८९८ मध्ये कार्ल बेंडा यांनी त्यांना मायटोकॉन्ड्रिया हे नाव दिले. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला १९३१ मध्ये. म्हणजे वर्धन न वाढवता, योग्य रंग सापडल्यामुळे त्या दिसल्या. त्यांच्या आतल्या घड्या, ज्या आपण आकृतीत मोठ्या हौसेने काढतो, त्या मात्र १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनेच उघड केल्या. तेव्हा रंगाशिवाय, फक्त खोक्यावरच्या एक्सच्या जोरावर मायटोकॉन्ड्रिया? नाही.

‘डीएनए दिसतो.’

डीएनएच्या पिळाची जाडी ०.००२ मायक्रोमीटर. साध्या प्रकाशाच्या मर्यादेच्या शंभराव्या भागाएवढी. केळे कुस्करून, त्यात मीठ आणि भांड्यांचा साबण घालून, वर थंडगार अल्कोहोल ओतल्यावर तरंगणारा पांढरा गुंता डीएनएचाच असतो. पण सुताचा गुंडा दिसला म्हणजे धाग्यातला पीळ दिसला असे होत नाही. पेशी विभागत असताना मात्र डीएनए घट्ट गुंडाळून त्याची गुणसूत्रे होतात आणि ती आपल्या ४०० एक्सला दिसतात. त्याकडे शेवटी येते.

‘दह्यातले जंतू दिसतात.’

बरोबर. दह्यातले लॅक्टोबॅसिलस एक मायक्रोमीटरच्या आतबाहेर जाड आणि कित्येक पट लांब असतात. अट एवढीच की दह्याचा अगदी पातळ लेप काचपट्टीवर वाळवावा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवावा, मेथिलिन ब्लूने रंगवावा. मग बारीक निळ्या काड्या दिसतात. दह्याचा गोळा तसाच ठेवलात तर स्निग्ध थेंब आणि प्रथिनांचे ढेकूळ दिसेल. आणि त्यांना किडे म्हणू नका. किडा हा लाखो पेशींचा प्राणी, हे बिचारे केंद्रकही नसलेले एकपेशीय जीव.

‘आणि जिवंत व्हायरससुद्धा!’

करोनाचा विषाणू सुमारे ०.१ मायक्रोमीटरचा. भारतात त्याचे पहिले चित्र २०२० मध्ये प्रसिद्ध झाले ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडून, केरळमधल्या रुग्णाच्या घशातल्या नमुन्यावरून. त्यातला कण ७५ नॅनोमीटरचा होता, म्हणजे मायक्रोमीटरचे साडेसात शतांश. हे काम इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे. त्यात नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो. तिथे पोहत-थरथरत जिवंत राहण्याचा प्रश्नच येत नाही.

मग व्हिडिओत काय थरथरत होते? याचे उत्तर रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये शोधले. परागकणांतून बाहेर पडलेले बारीक कण पाण्यात सतत हलताना त्यांना दिसले. आधी त्यांनाही वाटले, हे सजीवाचेच काही असावे. पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांनी काचेची पूड घेतली, दगडांची घेतली, एवढेच काय, इजिप्तच्या स्फिंक्सच्या एका तुकड्याचीही घेतली. तीही तशीच हलत होती. स्फिंक्सचा दगड काही जिवंत नाही! पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धडका देतात आणि लहान कण डळमळतो. हेच ब्राउन पुढे, १८३१ मध्ये, पेशीतल्या केंद्रकाला त्याचे इंग्रजी नाव देणारे.

त्या व्हिडिओची नक्कल घरी होते. दुधाचा एक थेंब पेलाभर पाण्यात मिसळा, त्यातला थेंब काचपट्टीवर घ्या, ४०० एक्सला बघा. दुधातले लहान स्निग्ध गोलक जागच्या जागी नाचताना दिसतील. माझ्या वर्गाने हे करून मोबाइलवर टिपले आणि ‘जिवंत व्हायरस’शेजारी ठेवले. मुलांना दोन्हींत फरक सांगता आला नाही, मलाही नाही.

अपवाद आहेत आणि ते लपवू नयेत. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला पाणी थंड करण्याच्या मनोऱ्यातल्या अमीबांत एक मोठा कण सापडला. साध्या मायक्रोस्कोपला दिसतो म्हणून त्याला जिवाणूच समजले गेले. तो विषाणू आहे हे २००३ मध्ये जाहीर झाले आणि त्याचे नाव मिमिव्हायरस पडले. शिवाय आबेची मर्यादा चकणाऱ्या तंत्रांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले आहे. पण त्यात चमकणारे रेणू, लेसर आणि संगणक लागतात. ते यंत्र शाळेच्या बाकावर येत नाही.

राहिला भंगाराचा मुद्दा. आमची शाळा कोकणात. इथे मायक्रोस्कोपचा शत्रू जुनेपणा नसून पावसाळ्यात भिंगांवर चढणारी बुरशी आहे. जून ते सप्टेंबर कपाटात एक छोटा दिवा जळत ठेवला, आरसा पुसला आणि खालचा पडदा गरजेपुरताच उघडला, तर ‘काहीच दिसत नाही बाई’ ही तक्रार बरीचशी संपते. डिजिटल खेळण्याचीही एक बाजू आहे. मुंगीचे पाय, कापडाची वीण, भूछत्राच्या खालच्या पट्ट्या वीस मुलांना एकदम दाखवायला ते झकास. त्यासाठी घ्यायचे तर जरूर घ्या.

पालकांना मी उत्तर दिले ते असे. शाळेला द्यायचेच असेल तर आच्छादन काचांची दोन पाकिटे, मेथिलिन ब्लूची एक बाटली आणि नवी ब्लेड द्या. आणि प्रत्येक मुलासोबत एक कांदा, बूड पाण्याला टेकेल असा पेल्यावर ठेवलेला. चार दिवसांत पांढरी मुळे फुटतात. त्यांची टोके सौम्य आम्लात मऊ करून (ते काम माझे), ॲसिटोकारमाइनने रंगवून अंगठ्याने दाबली की कुठेकुठे विभागणारी पेशी सापडते आणि तिच्यात लाल काड्यांसारखी गुणसूत्रे. कांद्याची १६ असतात. गेल्या वर्षी एकाच काचपट्टीवर एकीने १६ मोजली आणि दुसरीने १५. मधल्या सुट्टीभर दोघी भांडल्या. शेवटी फोकसची चक्री केसभर फिरवल्यावर एका गुणसूत्राखाली दडलेले दुसरे वर आले.