रिस्डन कोव्ह, १८०४ : साक्ष कोणाची ग्राह्य धरायची?

३ मे १८०४ रोजी टास्मानियातील डरवेंट नदीकाठच्या रिस्डन कोव्ह या नव्या इंग्रज वसाहतीत सैनिकांनी तिथल्या आदिवासींवर गोळ्या झाडल्या. छोटी तोफही डागण्यात आली. त्या दिवशी किती माणसे मेली, हा ऑस्ट्रेलियातील इतिहासकारांमधला जुना वाद आहे. कीथ विंडशटल यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मृतांचा आकडा तीनवर आणून ठेवला. मला त्या आकड्यापेक्षा, तिथे पोहोचताना त्यांनी कागद कसे तोलले, याविषयी लिहायचे आहे.

त्यांच्या बाजूचे आधी मान्य करतो. चाळीस-पन्नास मेले, असे आकडे बऱ्याच नंतरच्या ऐकीव माहितीवरून पुस्तकांत शिरले होते, आणि त्यांची झाडाझडती घेणे आवश्यकच होते. बखरीपेक्षा समकालीन पत्राला अधिक मान, ही राजवाड्यांनी घालून दिलेली शिस्त पाळत आपण वाचायला शिकलो, त्यामुळे लेफ्टनंट विल्यम मूर यांचा ७ मे १८०४ चा अहवाल पुढे ठेवून विंडशटल बोलतात, तेव्हा मलाही ते पटू लागते. पण तो कागद लिहिणारा मूर हाच त्या दिवशी वसाहतीचा प्रभारी अधिकारी होता, आणि आपल्या हाताखालच्या सैनिकांनी केलेल्या गोळीबाराचा खुलासा तो वरिष्ठांना देत होता. आदिवासींनी बर्ट नावाच्या वसाहतकऱ्याला मारहाण केली आणि दोन आदिवासी ठार झाले, असे तो सांगतो. कागद समकालीन आहे, हे खरे. पण तो निःस्वार्थ नाही.

दुसरी साक्ष एडवर्ड व्हाइट या कैद्याची. ती १८३० सालच्या चौकशी समितीपुढची, म्हणजे घटनेनंतर सव्वीस वर्षांनी दिलेली आहे. तो सांगतो की आपण शेतात कुदळीने जमीन खणत होतो, तेव्हा बायकामुलांसह सुमारे तीनशे आदिवासी अर्धवर्तुळ करून, कांगारूंचा कळप मध्ये घेरून खाली उतरले. त्यांच्या हातात भाले नव्हते, सोटे होते. ते आपल्याकडे टक लावून पाहत होते आणि आपल्याला त्यांची भीती वाटली नाही. पुढे पुष्कळ माणसे मारली गेली आणि काहींची हाडे वसाहतीचे डॉक्टर माउंटगॅरेट यांनी पिंपांत भरून सिडनीकडे पाठवली, असेही तो म्हणतो. विंडशटल ही साक्ष बाजूला सारतात.

इथे माझा आक्षेप आहे, कारण त्याच डॉक्टरांनी गोळीबाराच्या दिवशीच पाद्री नॉपवुड यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आपल्यापाशी दोनेक वर्षांचा एक देखणा मुलगा आहे, त्याचे आईवडील दोघेही मारले गेले, त्याला बाप्तिस्मा द्यावा, असे त्यात आहे. मारल्या गेलेल्या एका पुरुषाचे प्रेत आपल्या ताब्यात असून त्याची चिरफाड करण्याचा विचारही त्याच पत्रात, त्याच सहज सुरात येतो. आता व्हाइटची साक्ष पुन्हा वाचावी. बायकामुले सोबत होती, हे तो सांगतो आणि पत्रातले पोरके मूल त्याला दुजोरा देते. डॉक्टरांनी हाडे पाठवली, हे तो सांगतो आणि पत्रातले प्रेत ती गोष्ट संभाव्य ठरवते. पाद्र्याला लिहिलेले खासगी पत्र एका कैद्याच्या नजरेस पडले असेल आणि त्यावरून त्याने साक्ष रचली असेल, हे मला संभवत नाही असे वाटते. शिवाय दोन वर्षांचे लेकरू घेऊन कोणी हल्ल्याला निघत नाही, ही साधी गोष्ट मूरच्या अहवालातील धोक्याच्या वर्णनावरच शंका उभी करते.

व्हाइटची स्मृती सव्वीस वर्षांत क्षीण झाली असेल, ही शंका रास्तच आहे, आणि त्याच्या ‘तीनशे’वर किंवा ‘पुष्कळ’वर मी आकडेमोड करणार नाही. परंतु स्मृतीला जी कसोटी लावली, तितकीच कठोर कसोटी अधिकाऱ्याच्या स्वार्थाला लावली नाही, तर तिला साधनचिकित्सा म्हणता येत नाही. मला विचाराल तर मी ‘किमान तीन’ असे लिहीन, आणि त्यातील ‘किमान’ या शब्दाखाली व्हाइटची साक्ष आणि डॉक्टरांचे पत्र शेजारी शेजारी मांडीन.