दोन भरत्यांत जाईल म्हणे

समुद्रात सांडलेल्या तेलाचे चिकट गोळे, म्हणजे डांबरगोळ्या, किनाऱ्यावर लागतात. त्यांच्या फोटोखाली आज एकाची कमेंट: "पावसाळ्यात येतातच, दोन भरत्यांत जातील." वाळूवरून जातात हो. खडकाचं काय? तिथे बसायला येणाऱ्या पिल्लांचं काय?

कालवाचं (खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्याचं) पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं. जेमतेम 0.3 मिलिमीटरचं झालं की पाय फुटतो, खडकावर रांगत जागा चाचपतं आणि सिमेंटचा थेंब सोडून चिकटतं. कायमचं. बार्नॅकल, म्हणजे खडकाला चिकटलेला कवचवाला छोटा जीव, त्याचा सिप्रिड (जागा शोधणारं पिल्लू) तर काही खातच नाही. अंगातल्या चरबीच्या शिदोरीवर फिरतो, डोक्यावरच्या दोन मिशांनी (शृंगिकांनी) पावलं टाकत. जागा पसंत पडेपर्यंत शिदोरी संपली की खेळ खलास. अन् म्हणे दोन भरत्या!

त्यांना हवा असतो खडकावरचा जिवाणूंचा बुळबुळीत थर आणि आपल्या जातीच्या मोठ्यांची खूण. तेलाचा लेप दोन्ही झाकतो. पाण्यात विरघळलेले घटक पिल्लांना गुंगी आणतात, त्यातले काही तर ऊन लागल्यावर आणखी विषारी होतात.

मान्य, जुन्या कडक डांबरावरही बार्नॅकल बसतात. पोपडा सुटला की त्याच्यासोबत जातात.

आता कुणीतरी तेल धुवायला साबण घेऊन निघेल, म्हणून सांगते. 1967 साली टॉरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज फुटल्यावर इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर 10 हजार टनांच्या वर डिटर्जंट ओतलं. शेवाळ खाणारे लिंपेट (टोपीसारख्या कवचाच्या गोगलगायी) मेले, खडक हिरवेगार झाले. भरपूर फवारलेले खडक सावरायला 15 वर्षांपर्यंत लागली, न फवारलेले दोन-तीन वर्षांत सावरले. हाताने उचला, बस्स.

जाऊ दे, चिडून काय होणार. तेलामुळे पिल्लं कमी बसतात का हे खरंच बघायचं असेल तर स्लेटच्या (पाटीच्या दगडाच्या) 10 बाय 10 सेंटिमीटरच्या फरशा घ्या, खरखरीत बाजू वर. आधी आठवडाभर स्वच्छ खाऱ्या पाण्यात मुरवा. कोऱ्या फरशीवर तेल नसलं तरी कमीच बसतात. पाच फरशा डांबर आलेल्या खडकावर, पाच न आलेल्यावर, दोन्हीकडे उंची सारखी. 15 दिवसांनी दहापट भिंगाखाली बसलेली पिल्लं मोजा, कडेचा एक सेंटिमीटर सोडून. खाडीच्या तोंडाशी लावू नका, तिथे पावसाचं गोडं पाणी आणि गाळच पिल्लं मारतो आणि आळ तेलावर येतो.

आणि फोटो वाळूचा नको. कालवांच्या खडकाचा काढा, शेजारी दहाचं नाणं ठेवून.