जुना कोड ओरडून मोडतो की गुपचूप?

सीसारख्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्टँडर्डमध्ये (अधिकृत नियमावलीत) बदल सुचवला गेला की वाद रंगतो सिंटॅक्सवर (लिहिण्याच्या रूपावर). माझ्या मते सिंटॅक्स सगळ्यात शेवटी बघावा. जुना कोड मोडणार असेल तर कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) ते सांगेल का, हे आधी बघावं.

सी२३ चंच घ्या (सी भाषेचं स्टँडर्ड; आकडा वर्षाचा). फंक्शनच्या नावापुढचा रिकामा कंस म्हणजे पूर्वी 'आर्ग्युमेंट्स (फंक्शनला द्यायच्या किमती) कोणती ते सांगितलेलं नाही'; आता 'एकही नाही'. शिवाय 'बूल' कीवर्ड (भाषेचा राखीव शब्द) झाला. जीसीसी या कंपायलरच्या आवृत्ती १५ ने सी२३ डिफॉल्ट केल्यावर जुन्या पॅकेजेसचे बिल्ड धडाधड पडले. कुठे रिकाम्या कंसाच्या फंक्शन पॉइंटरला दोन आर्ग्युमेंट्स दिलेली, कुठे हेडरमध्ये बूलचा घरगुती टाइपडेफ (टाइपला स्वतः दिलेलं नाव). त्रास झालाच, पण असा त्रास मला चालतो. एरर येते, ओळ क्रमांक मिळतो आणि दुरुस्तीला वेळ नसेल तर जीएनयू१७ चा (जुन्या सी१७ चा) फ्लॅग लावून काम चालतं.

त्याच स्टँडर्डमधला दुसरा बदल मला अजिबात पटलेला नाही. रिअलॉकला (मेमरीचा आकार बदलणाऱ्या फंक्शनला) ० आकार दिला तर काय होईल हे सी१७ पर्यंत इम्प्लिमेंटेशनवर (कंपायलर-लायब्ररी बनवणाऱ्यांवर) सोपवलेलं होतं. ग्लिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) ती मेमरी मोकळी करून नल परत देते आणि त्या भरवशावर लिहिलेला कोड भरपूर आहे. सी२३ ने हे थेट अनडिफाइन्ड (काहीही होऊ शकतं असं) ठरवलं. आकार बहुतेकदा रनटाइमला ठरतो, त्यामुळे कंपायलर चकार शब्द काढणार नाही. उलट ऑप्टिमायझरला (कोड वेगवान करणाऱ्या कंपायलरच्या भागाला) 'शून्य येणारच नाही' असं धरून चालायची मुभा मिळाली.

ही खोड जुनीच. लाँग (पूर्णांकाचा एक टाइप) ३२ बिटांचा असेल तिथे -२१४७४८३६४८ शून्यापेक्षा लहान आहे का, याचं सी९० मध्ये उत्तर 'नाही', सी९९ मध्ये 'हो'. कारण २१४७४८३६४८ लाँगमध्ये मावत नाही. आधी तो अनसाइन्ड लाँग (ज्यात ऋण संख्या नसतातच) धरला जायचा, नंतर लाँग लाँग. कोडमधलं एक अक्षरही न बदलता इफची फांदी बदलते.

'ऑटो' मात्र बारकाईने बघण्यासारखा. सी९० मध्ये ऑटो एक्स = ३.७ म्हणजे इंट (पूर्णांक), किंमत ३. सी९९ ने अध्याहृत इंट (टाइप न लिहिल्यास इंट धरणं) काढून टाकला आणि सी२३ मध्ये तीच ओळ डबल (दशांश संख्या) झाली. जुना अर्थ आधी बाद करायचा, मधे बराच काळ जाऊ द्यायचा, मग नवा अर्थ द्यायचा: पद्धत उत्तम. पण जीसीसी १४ येईपर्यंत डिफॉल्ट मोडमध्ये ही ओळ नुसत्या वॉर्निंगवर खपत होती. म्हणजे कागदावर २५ वर्षांची फट, जीसीसीत जेमतेम एका आवृत्तीची! प्रस्ताव वाचताना फट कंपायलरमध्ये मोजावी, ती यासाठी.

(ट्रायग्राफ, म्हणजे एका चिन्हासाठी लिहायची तीन अक्षरं, काढणं हाही तसा गुपचूप बदल. पण जीसीसी डिफॉल्ट मोडमध्ये ते आधीपासूनच दुर्लक्षित करत होता, म्हणून माफ.)

इम्प्लिमेंटेशन नसलेल्या प्रस्तावांबद्दल फार बोलायला नको. सी++९८ मधला टेम्प्लेटचा (टाइप नंतर भरायच्या कोडचा) एक्स्पोर्ट ईडीजी कंपनीच्या फ्रंट एंडशिवाय (कोड वाचणाऱ्या कंपायलरच्या भागाशिवाय) कुणी पुरता उतरवला नाही. सी++११ मध्ये तो गेला. सी++११ मध्ये आलेला गार्बेज कलेक्शनचा (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करण्याचा) आधार सी++२३ मध्ये गेला.

तपासणी करायची तर कंपायलरची आवृत्ती तीच ठेवा, फक्त स्टँडर्डचा फ्लॅग बदला. दोन्ही एकदम बदललं तर दोष कुणाचा ते कळत नाही. सगळ्या वॉर्निंग्ज चालू करून दोन्ही बिल्डचे लॉग डिफ करा (फरक काढा). मग टेस्ट चालवा, सॅनिटायझरसह (कोड चालताना चुका पकडणाऱ्या साधनासह) आणि ऑप्टिमायझेशन चढवून, कारण गुपचूप बदल तिथेच उघडे पडतात. सॅनिटायझरवर पूर्ण विसंबू नका. रिअलॉकच्या हाका ग्रेप करून (कोडमध्ये शोधून) हातानेच बघाव्या लागतात. पब्लिक हेडर जुन्या आणि नव्या दोन्ही मोडमध्ये वेगळे कंपाइल करा; ते दुसऱ्यांच्या फ्लॅगखाली चालणार असतात.

आणि प्रस्तावात 'सध्याच्या कोडवर परिणाम नाही' एवढंच वाक्य असेल, तर कोणता कोड, कोणत्या कंपायलरने, किती ओळी, हे लेखकाला विचारा. आकडा मिळेपर्यंत माझं मत विरोधात.