मिसरचे घोडे

निवडणूक जवळ आली की आमच्या ख्रिस्ती मंडळीत एकच चर्चा सुरू होते: या वेळी आपल्याला कोण सांभाळून घेईल? मग नाताळच्या कार्यक्रमाला त्या साहेबांना बोलवायचं, शाल द्यायची, पुढच्या रांगेत बसवायचं. यामागची भीती मला कळते. प्रार्थना चालू असताना कुणी येऊन दमदाटी केली तर फोन कुणाला करायचा, ही चिंता खोटी नाही. पण हीच चिंता यहूदाच्या हिज्कीया राजालाही होती, आणि त्याचं काय झालं ते आपण बायबलात वाचतो आणि विसरतो.

इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा (असिरियाचा) राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. तटबंदीची ४६ नगरं घेतली, असं त्याने स्वतःच कोरून ठेवलंय. यहूदाचं लाखीश नगर कसं पडलं ते त्याने निनवेच्या राजवाड्यात दगडावर कोरवून घेतलं. ती शिल्पं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत: तटाला भिडवलेले उतार, बैलगाड्यांवर लादलेला संसार, बंदी होऊन निघालेली कुटुंबं.

यहूदाची राजधानी यरुशलेम (जेरुसलेम); तिथले दरबारी घोडे आणि रथ मागायला मिसरकडे, म्हणजे इजिप्तकडे गेले होते. यशया संदेष्ट्याने त्यांना खडसावलं होतं की मिसरी ही माणसंच आहेत, देव नाहीत. मिसरचं सैन्य आलं, पण अश्शूरांपुढे टिकलं नाही. मिसर म्हणजे टेकलं की हातात घुसणारा बोरू, हे तर शत्रूच्या सरदाराने तटाखाली उभं राहून ऐकवलं! हिज्कीयाने खंडणीही भरली. ३०० किक्कार चांदी, ३० किक्कार सोनं (किक्कार हे वजनाचं जुनं माप). त्यासाठी मंदिराच्या दारांवरचं सोनं काढून दिलं, आणि तरीही सन्हेरीबाचं सैन्य यरुशलेमच्या दाराशी आलंच. पुढे धमकीचं पत्र आलं, तेव्हा ते घेऊन हिज्कीया मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे पसरून ठेवलं.

‘मग काय नुसतं बसून राहायचं?’ असं मला तरुण मुलं विचारतात. नाही. याच हिज्कीयाने गीहोन झऱ्याचं पाणी शहरात आणायला खडकातून सुमारे ५३३ मीटरचं भुयार खोदवलं. खोदणारे दोन्ही टोकांकडून निघाले आणि एकमेकांच्या हाका ऐकत आत भेटले, असं १८८० मध्ये सापडलेल्या तिथल्या लेखात आहे. यशयाच्या पुस्तकात २२ व्या अध्यायात जो राग आहे, तो पाण्याची सोय केली म्हणून नाही. तट बांधला, पाणी साठवलं, पण हे सगळं ज्याने घडवलं त्याच्याकडे वळून पाहिलं नाही, म्हणून आहे. तेव्हा पोलिसांत तक्रार द्या, वकील करा, मत द्या. संविधानाच्या कलम २५ ने दिलेला धर्मस्वातंत्र्याचा हक्क मागायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

यरुशलेम वाचलं, लाखीश नाही वाचलं. प्रार्थना करणारे लाखीशमध्येही असतीलच. त्यांच्याबद्दल सोपं उत्तर देणारा उपदेश ऐकला की मला त्रास होतो. पुढे शंभरेक वर्षांनी यरुशलेमचे लोक म्हणू लागले की इथे परमेश्वराचं मंदिर आहे, आम्हाला काय होणार? यिर्मया संदेष्ट्याने मंदिराच्या दारात उभं राहून सांगितलं, या शब्दांवर विसंबू नका. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास ते मंदिरही जळालं. आपल्याला काही होणारच नाही, असं वचन शास्त्रात मला सापडत नाही. वेढ्यातही आपण त्याचेच आहोत, एवढं सापडतं. मला तेवढं पुरतं. आणि ज्याला तेवढं पुरतं, त्याची श्रद्धा कुठलाही पक्ष विकत घेऊ शकत नाही.

साहेबांनी नाताळला यायला माझी हरकत नाही. यावं, केक खावा, सगळ्यांबरोबर बसावं. पण वेदीजवळ उभं राहून त्यांनी ‘मी तुमच्या पाठीशी आहे’ म्हणायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या, हे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीने यंदा थांबवावं. तसं पत्र मी देणार आहे. ज्यांना पटतं त्यांनी रविवारी उपासनेनंतर सही करावी.