‘रसूल विरुद्ध बुश’ खटल्याविषयी खुलासा

न्यूयॉर्कमधील ‘सेंटर फॉर कॉन्स्टिट्यूशनल राइट्स’ या १९६६ साली स्थापन झालेल्या ना-नफा संस्थेच्या वकिलांनी ‘रसूल विरुद्ध बुश’ खटल्यात क्युबातील ग्वांतानामो या अमेरिकी लष्करी तळावरच्या कैद्यांना निर्दोष सोडवले, असा मजकूर फिरत आहे. तो चुकीचा आहे. २८ जून २००४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी एवढेच ठरवले की, या कैद्यांच्या स्थानबद्धतेविरुद्धच्या याचिका ऐकण्याचा अधिकार अमेरिकी न्यायालयांना आहे. दोषी की निर्दोष, हा प्रश्न तिथे नव्हताच. ज्यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो ते ब्रिटिश कैदी शफीक रसूल तर निकालापूर्वीच, मार्चमध्ये, ब्रिटनला परतले होते. संस्थेच्या वकिलांनी हा लढा २००२ पासून नेटाने चालवला हे खरे, मात्र सर्वोच्च न्यायालयातील तोंडी युक्तिवाद त्यांच्यापैकी कोणी नव्हे, तर माजी न्यायाधीश जॉन गिबन्स यांनी केला.