प्रश्न उद्भवत नाही

साहेब, पहिलं हिवाळी अधिवेशन आटोपून आलात, अभिनंदन. डिकीत संत्र्यांची पेटी आहे, घसा बसलाय, आणि उद्या सकाळपासून दारात माणसं येणार: नागपुरात काय केलंत? मुळीच घाबरू नका. वीस वर्षं मी हेच करतोय. तीन आमदारांचे अधिवेशनाचे अहवाल याच बोटांनी टाइप केलेत. पक्ष निरनिराळे होते, एका साहेबांचे तर एकट्याचेच तीन झाले. मजकूर मात्र एकदाही बदलावा लागला नाही.

पहिली गोष्ट, किती दिवस बसलात हे लिहायचं नाही. ‘हिवाळी अधिवेशन गाजवले’ एवढं पुरे. २०२४ चं अधिवेशन १६ डिसेंबरला सुरू झालं आणि २१ ला संपलं. त्याआधी २०२० साली करोनामुळे मुंबईतच दोन दिवसांत उरकलं. गाजवणाऱ्यांनी तेही गाजवलं. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे सरकारने दरवर्षी ठराविक काळ नागपुरात मुक्काम हलवायचा असतो. ठराविक म्हणजे किती, ते ठरवलं नाही हे त्या थोरांचे आपल्यावर उपकार. राज्यघटनाही समजूतदार आहे. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त खंड पडू नये एवढंच ती सांगते, बसल्यावर किती वेळ बसायचं याचा आग्रह धरत नाही.

आता क्रियापदं. अहवाल क्रियापदांवर उभा राहतो, साहेब. रस्ता ‘केला’ असं कधीही लिहू नये, लोक रस्ता बघायला जातात. रस्त्याचा प्रश्न ‘मांडला’. रस्त्याकडे सभागृहाचं लक्ष ‘वेधलं’. मंत्रिमहोदयांनी ‘सकारात्मक प्रतिसाद दिला’, म्हणजे मान हलवली. आणि जिथे काहीच घडलं नसेल तिथे ‘पाठपुरावा सुरू आहे’. काय नेमका शब्द केलाय बघा आपल्या भाषेने! पाठ लोकांना दिसते, पुरावा कुणी मागत नाही.

तुमचा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, मी जपून ठेवलाय. आपल्या नाल्यावरच्या पुलाचा. फाइलमधून काढतो, बघा. “(१) सदर पूल पावसाळ्यात वाहून गेल्याने शाळकरी मुलांना सहा किलोमीटरचा वळसा घ्यावा लागत आहे, हे खरे आहे काय? (२) असल्यास, नवीन पूल बांधण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?” खाली उत्तर: “(१) हे अंशतः खरे आहे. (२) निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल. (३) प्रश्न उद्भवत नाही.”

या ‘अंशतः’वर मी एक अख्खी दुपार घालवली. कुठला अंश खरा? नाला आहे हा, की मुलं आहेत हा? पूल अर्धाच वाहून गेला असं तर खात्याचं म्हणणं नाही? मग वाटलं, आपल्याला काय करायचंय. खरं सोनं तिसऱ्या ओळीत आहे. प्रश्न उद्भवत नाही! सरकारने छापून दिलंय, साहेब. तेव्हा अहवालात मथळा असा घेतलाय: ‘आमदारांच्या प्रयत्नांमुळे पुलाचा प्रश्न निकाली’. उत्तराचा फोटो शेजारी लावू, फक्त अक्षर बारीक ठेवू.

फोटोंचं सोपं आहे. कामकाज सुरू होण्याआधी विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभं राहायचं, गळ्यात कापसाची नाहीतर कांद्याची माळ. सत्तेत असाल तर माळ नको, विरोधकांच्या निषेधाचा फलक धरा. सगळ्यांचे कॅमेरे तिथेच असतात, आतपर्यंत जायची गरज पडत नाही.

व्हिडिओ मात्र आतलाच हवा. तुम्ही रात्री साडेनऊला बोललात ते मी पाहिलं. सभागृह २८८ जणांचं, गणपूर्तीला एक दशांश लागतात, म्हणजे २९. मी तीनदा मोजले. एक डुलकी घेणारे धरून चौदा, पंधरावे तुम्ही. पण कुणी बोट दाखवून घंटा वाजवायला लावली नाही तर गणपूर्ती असतेच. हा शिष्टाचार दोन्ही बाजू मनापासून पाळतात. कॅमेरा तुमच्या चेहऱ्यावर असतो, रिकाम्या बाकांवर नाही. मी चाळीस सेकंदांचा तुकडा कापलाय, “अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातील माता-भगिनी”पासून मंत्र्यांनी चष्मा काढला तिथपर्यंत. त्यांनी चष्मा पुसायला काढला होता. आपण खाली ‘मंत्री निरुत्तर’ लिहू.

विधेयकांची यादी देऊ नका. गोंधळात किती मंजूर झाली ते तुम्हालाही नीट आठवत नसेल, मलाही आठवत नाही. आणि एखाद्या मास्तरांनी अडवून विचारलंच की त्या अमुक विधेयकाला तुम्ही होय म्हणालात की नाही, तर शांत राहा. आवाजी मतदानात कोणाचा आवाज कुठल्या बाजूला गेला याची नोंद राहत नाही. मास्तर ज्या बाजूचे असतील त्या बाजूला तुम्ही होतात.

मोर्च्यांचं एक वाक्य घ्या: ‘मोर्चेकऱ्यांची भेट घेऊन निवेदन स्वीकारले.’ अंगणवाडीच्या बाया, विनाअनुदानित शिक्षक, कंत्राटी कर्मचारी, सगळे त्यात बसतात. नावं वेगळी घालू नका, एखादं राहून गेलं की रुसवा होतो. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचं नाव आहे. १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये असंच एक निवेदन घेऊन आलेल्यांपैकी ११४ जण चेंगराचेंगरीत गेले. तुमची गाडी रोज त्या पुलावरून जायची. तिथे मी अहवालात काही लिहिलेलं नाही. क्रियापद सापडलं नाही.

पैशांचा परिच्छेद लोक सगळ्यात आधी वाचतात, म्हणून आकडे मोठे हवेत आणि कुणाचे आहेत ते मोघम. २०२४ च्या हिवाळ्यात सरकारने ३५ हजार ७८८ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पावरचा वाढीव खर्च, मांडल्या. तुमच्या आधीच्या साहेबांचा अहवाल मी असा लिहिला होता: ‘३५ हजार ७८८ कोटींच्या मागण्यांमध्ये आपल्या पुलाचा समावेश’. समावेश होता, खोटं नाही. हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद. हजारात सध्या वाळूची एक पाटीसुद्धा पुलापर्यंत पोचत नाही, पण लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबातलं खातं, उघडलं ना? उघडलेलं लेखाशीर्ष म्हणजे अर्धा पूल. उरलेला अर्धा त्या ‘अंशतः’मध्ये आहेच.

स्थानिक विकास निधीला हात लावू नका. त्याचे हायमास्ट, सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक आपण वेगळ्या पत्रकात घेऊ, प्रत्येकाचा नारळ वेगळा.

एक अडचण आहे. परवा गावात गेलो तर नाल्याकाठी सहावीतली एक पोरगी दप्तर डोक्यावर घेऊन पाण्यातून येत होती. मला ओळखते. म्हणाली, “काका, तुमचा मागचा कागद शाळेत फळ्याशेजारी लावलाय. त्यात पूल झालाय म्हणे?” मी म्हटलं, झाला नाही गं, निकाली निघालाय. ती म्हणाली, “मग मी वळशाने जाऊ की यातूनच?” मी तिला सांगितलं, जपून जा. अहवालात हे कुठे बसतंय का पाहिलं. ‘विद्यार्थ्यांशी संवाद साधला’ असं बसवलंय.

बाकी तयार आहे. व्हॉट्सॲपच्या गटांवर आज रात्री टाकतो, तालुक्याच्या वार्ताहरांना सकाळी, फ्लेक्स गुरुवारी बाजाराच्या दिवशी. लगे हात मार्चच्या अर्थसंकल्पीय अधिवेशनाचाही टाइप करून ठेवलाय, हिवाळीच्या जागी अर्थसंकल्पीय केलं की झालं. तुमचा फोटो तेवढा नवा द्या. जाकीट निळं नको, गेल्या साहेबांचंही निळंच होतं, आणि लोक मजकूर वाचत नसले तरी जाकीट ओळखतात.